नायट्रोजनच्या कृपेने

बोनेअर बेटावर भाड्याची गाडी ताब्यात देताना तिथला माणूस दोन गोष्टी बजावतो. गाडीत काहीही ठेवू नका, आणि गाडीला कुलूप लावू नका. जमलं तर काचाही खाली सोडून जा. कारण सरळ आहे. इथे गाड्या समुद्राच्या काठाला उभ्या राहतात आणि गाडीतली माणसं तासभर पाण्याखाली असतात. बंद गाडी दिसली की भुरट्या चोराला वाटतं आत घबाड आहे, आणि तो काच फोडतो. उघडी दिसली की डोकावतो, दोन ओले टॉवेल पाहून नाक मुरडतो आणि पुढच्या गाडीकडे जातो.

हा उपदेश पचवणारी आमची जमात नव्हे. आम्ही घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावतो, मग त्या कुलपाला लोंबकळून बघतो, एक मजला उतरल्यावर गॅस बंद केलाय का ते पाहायला परत वर जातो, आणि परत लोंबकळतो. आमच्या हिने विचारलं, "मग या गाडीला किल्ली कशाला दिलीय?" न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "सुरू करायला, मामी." मामीने पर्स पोटाशी धरली. भाच्याबरोबर त्याचे डायव्हिंगवाले मित्र होते, तेही पहिल्या दिवसापासून तिला मामीच म्हणू लागले, म्हणून इथेही ती मामीच.

कॅरिबियन बेट म्हटलं की डोळ्यांपुढे झुकलेला माड, पांढरी वाळू, दोन माडांमध्ये झोपाळा आणि झोपाळ्यात जाहिरातीतली बाई असं सगळं येतं. बोनेअरमध्ये यातलं फारसं काही नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर हे २८८ चौरस किलोमीटरचं बेट आहे. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटर, ज्याला कोकणातला माणूस पाऊस म्हणणार नाही, शिंतोडे म्हणेल. उगवतो तो निवडुंग, माणसापेक्षा उंच, आणि त्याचीच कुंपणं घातलेली. बाकी जे उगवू बघतं ते शेळ्या खाऊन टाकतात. किनारा बहुतेक ठिकाणी वाळूचा नसून मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा आहे. अनवाणी चालायला गेलं की तोंडातून आपोआप देवाचं नाव निघतं. 'पिंक बीच' नावाच्या जागी वाळू असते, पण मधूनच एखादं वादळ येऊन ती घेऊन जातं.

कारभार त्याहून मजेशीर. २०१० साली नेदरलँड्स अँटिल्स ही डच बेटांची मोट मोडीत निघाली तेव्हा बोनेअर नेदरलँड्सची एक खास नगरपालिका झाली. म्हणजे राजा डच. चलन मात्र २०११ पासून अमेरिकन डॉलर. लोक आपसात बोलतात पापियामेंतो, किराणा आणायला जावं तर दुकान चिनी माणसाचं. वाहतुकीचा सिग्नल सबंध बेटावर एकही नाही, आणि गाढव आडवं आलं तर तेच सिग्नलचं काम करतं. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'डायव्हर्स पॅराडाइज' असं छापलेलं असतं. डायव्हर नसलेल्यांना मेल्यावर कुठे पाठवतात याबद्दल नंबरप्लेट काही बोलत नाही.

तर बेटाची सगळी दौलत पाण्याखाली आहे. वारा वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्वेचा किनारा सतत मार खातो आणि पश्चिमेचा किनारा शांत पहुडलेला असतो. या पश्चिमेला प्रवाळाचा कडा इतका जवळ आहे की चार हात मारले की तो पायाखाली येतो. बोट लागत नाही. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात टाक्या टाकायच्या, किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं, आवडेल तिथे थांबायचं आणि चालत समुद्रात शिरायचं. कुठे शिरायचं हे रस्त्याच्या कडेला ठेवलेले पिवळे दगड सांगतात. प्रत्येक दगडावर जागेचं नाव रंगवलेलं. नावं अशी, की आत काय आहे याचा पत्ता लागू नये: 'ॲलिस इन वंडरलँड', 'समथिंग स्पेशल', 'इन्व्हिजिबल्स'. "इन्व्हिजिबल्सला काय दिसलं?" असं मामीने विचारलं तेव्हा भाच्याने चिडून ईल माशांची नावं सांगायला सुरुवात केली.

एका दगडावर लिहिलंय 'थाउजंड स्टेप्स'. रस्त्यापासून खाली समुद्रापर्यंत दगडी पायऱ्या आहेत, मोजल्या तर साठ-सत्तरच भरतात. पण मोजणारा माणूस बहुतेक रिकाम्या हाताने उतरलेला असतो. पाठीवर टाकी, कमरेला शिसं, अंगाला चिकटलेला ओला वेटसूट आणि हातात पायांचे पंख अशा थाटात वर येऊन पाहावं. भाच्याचा एक मित्र वर आल्यावर जो ट्रकला टेकला, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नाव ठेवणाऱ्याने आकडा कमीच सांगितला.

हा सगळा संसार ज्या माणसाने थाटला तो आधी समुद्राचा शत्रूपक्ष होता. कॅप्टन डॉन स्ट्युअर्ट नावाचा अमेरिकन खलाशी १९६२ मध्ये शिडाच्या बोटीतून इथे येऊन लागला. भाल्याने मासे मारण्यात पटाईत. मारता मारता त्याच्या ध्यानात आलं की हे असंच चाललं तर बघायला काही उरणार नाही. मग ज्या उत्साहाने तो मासे मारायचा त्याच उत्साहाने मारणाऱ्यांच्या मागे लागला. १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करायला बंदी आली, १९७९ मध्ये बेटाभोवतीचा सगळा समुद्र राखीव झाला: भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत. म्हणजे बोनेअरमध्ये पाय ओला झाला की तुम्ही अभयारण्यात शिरलात. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. पण वाल्मीकीने नंतर हॉटेल काढल्याचं ऐकिवात नाही. कॅप्टन डॉनने १९७६ मध्ये काढलं, आणि ते अजून चालतं.

या अभयारण्याचे नियम ऐकण्यासारखे आहेत. प्रवाळाला हात लावायचा नाही. उभं राहायचं नाही. माशांना खायला घालायचं नाही. शिंपला उचलायचा नाही, मेलेलासुद्धा. नांगर टाकायचा नाही. नवा डायव्हर आला, मग त्याने जगभर कितीही बुड्या मारलेल्या असोत, त्याला आधी समोर बसवून हे सगळं ऐकवतात आणि मग किनाऱ्याजवळ एक परीक्षेची बुडी मारायला लावतात. परीक्षा कशाची, तर काहीही न करण्याची. वर जायचं नाही, खाली बसायचं नाही, पाण्यात मधल्यामध्ये निवांत लटकायचं. त्रिशंकूला तसं लटकत ठेवायला विश्वामित्राचं तप खर्ची पडलं. भाचा म्हणतो, छातीत हवा जरा कमी-जास्त केली की जमतं.

आणि सगळ्यात नामी नियम हातमोज्यांचा. ते घालायचेच नाहीत. मला आधी वाटलं, हातमोजे घातले तर समुद्राचं काय बिघडणार? मग कळलं, हातमोजे घातलेला माणूस निर्धास्तपणे सगळ्याला हात लावत सुटतो. उघड्या हाताच्या माणसाला अग्निप्रवाळाची आग आणि सागरी साळूचे काटे ठाऊक असतात, त्यामुळे तो हात पोटाशी घट्ट बांधून फिरतो. सभ्यता शिकवायला उपदेशापेक्षा भीती बरी, हे इथल्या कायदेवाल्यांनी ओळखलेलं आहे.

माझा पाण्याखालचा अनुभव मालवणचा. तिथे एका पोराने मला टाकीला धरून, मांजरीने पिलाला न्यावं तसं खाली नेलं, माशांपुढे बिस्किटाचा चुरा सोडला, अंगठा वर करायला लावला, व्हिडिओ काढला आणि वर आणलं. बोनेअरला हे सांगितल्यावर भाच्याच्या मित्रांनी माझ्याकडे ताजमहालावर नाव कोरणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. शिवाय डायव्हिंगच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे 'मजेत आहे' नव्हे, 'मला वर न्या'. तेव्हा किनारपट्टीच्या कितीतरी कुटुंबांच्या व्हिडिओत बाबा सुटकेची याचना करत आहेत आणि पोरगा त्यांना नुसताच कॅमेरा दाखवतोय, असा त्याचा शास्त्रोक्त अर्थ होतो.

इथे मी टाकीच्या फंदात न पडता तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगलो. त्यातही पुष्कळ दिसतं. तळहाताएवढा एक काळपट मासा, डॅमसेल जातीचा, माझ्या अंगावर धावून आला. या माशांनी प्रवाळावर शेवाळाची छोटी शेती केलेली असते आणि बांधावर कुणी पाऊल टाकलं की तो कितीही मोठा असो, हे त्याच्यावर चाल करून जातात. सात-बारा कुणाच्या नावावर आहे हे विचारायची सोय नसल्याने मी माघार घेतली. पुढे पोपटमासे दिसले. निळेहिरवे, दात बाहेर आलेले, आणि कर्रकर्र असा आवाज चक्क पाण्यात ऐकू येतो. ते प्रवाळाचा खडक कुरतडतात, त्यावरचं शेवाळ पचवतात, आणि खडकाची भुकटी मागल्या बाजूने पांढऱ्या धुरासारखी सोडून देतात. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. कॅरिबियनच्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर जोडपी हातात हात घालून सूर्यास्त बघतात तिच्यातली बरीचशी या मार्गाने आलेली आहे. ही माहिती मी मामीला दिली. त्यानंतर ती चटई असल्याशिवाय वाळूवर बसली नाही.

या समुद्रात आपल्या बाजूचा एक पाहुणाही भेटतो. लायनफिश. मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागराचा. अंगावर पट्टे, पिसारा फुलवल्यासारखे पंख, काट्यांत विष. अमेरिकेत हौशी लोकांच्या काचपेट्यांतून तो अटलांटिकमध्ये सुटला आणि पसरत पसरत २००९ मध्ये बोनेअरला पोचला. इकडे त्याला खाणारं कुणी नाही आणि तो मात्र समोर येईल ते पिल्लू गिळतो. शेवटी ज्या बेटाने भाल्यावर बंदी घातली त्याच बेटाने प्रशिक्षित डायव्हरांना फक्त या माशासाठी खास भाले दिले, आणि हॉटेलांनी तो ताटात आणला. आम्हीही मागवला. पांढरं, मऊ, गोडसर मांस. मामीने दोन घास खाऊन निर्णय दिला: "मासा आपल्याकडचा आहे. आगळ आणि ओलं खोबरं मिळालं असतं तर कधीच संपला असता." इतक्या वर्षांत सागरी शास्त्रज्ञांना न सुचलेला हा उपाय मी भाच्याच्या मित्रांना भाषांतर करून सांगितला, पण त्यांनी तो मनावर घेतला नाही.

'हिल्मा हूकर'ची गोष्ट इथे प्रत्येकजण सांगतो, तेव्हा मीही सांगतो. १९८४ मध्ये या नावाचं ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज बिघडलेल्या अवस्थेत क्रालेंडाइकच्या, म्हणजे बेटाच्या राजधानीच्या, धक्क्याला आणलं गेलं. कागदपत्रं विचारली तर खलाशांपाशी धड काही नव्हतं. झडती घेतली तर एका खोट्या भिंतीमागे हजारो किलो गांजा. मालक? जहाजाला मालक असल्याचं कबूल करायला जगातून कुणी पुढे आलं नाही. जहाज जप्त झालं, गळू लागलं, धक्क्यालाच बुडेल या भीतीने ते तिथून हलवलं, आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी ते दोन प्रवाळकड्यांच्या बरोबर मधल्या वाळूवर, डायव्हरला झेपेल अशा ३० मीटर खोलीवर, एका कुशीवर झोपलं. इतक्या सोयीच्या जागी की इथल्या डायव्हिंगवाल्यांकडे लोक त्या दिवसापासून संशयाने बघतात आणि ते त्या दिवसापासून हसतात.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डायव्हर वह्या काढतात. किती वाजता उतरलो, किती खोल, किती मिनिटं, टाकीत किती हवा उरली, काय दिसलं. त्यांचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे फ्रॉगफिश. हा मासा हुबेहूब स्पंजासारखा दिसतो आणि स्पंजावरच बसून राहतो. त्याची जागा कानात सांगतात.

"मग तो काय करतो?" मामीने विचारलं.

"काही नाही. बसलेला असतो."

"आणि तुम्ही?"

"आम्ही बघत असतो."

"किती वेळ?"

भाच्याने वही पाहून सांगितलं. मामीने वाटीतलं आंब्याचं लोणचं, जे तिने न्यू जर्सीहून आणलं होतं, त्याच्यापुढे सरकवलं. एवढ्या श्रमांनंतर काहीतरी तिखट हवं, असं तिचं म्हणणं पडलं.

ही मंडळी अशी पाण्याखाली असताना मामी आणि मी बेट बघत होतो. मी गाडी चालवायचो, ती पर्स धरून शेजारी. बोनेअर पाहणारी त्या हॉटेलातली बहुधा आम्ही दोघंच होतो. बाकीच्यांना रस्त्याच्या पूर्वेला जमीन आहे याची फक्त अंधुक कल्पना होती.

त्यांना ती कल्पना नीट येते ती शेवटच्या दिवशी, आणि तिचं श्रेय नायट्रोजनला आहे. खाली दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. हळूहळू वर आलं तर तो मुकाट निघून जातो. पण पुरता निघण्याआधीच विमानात बसलं तर केबिनमधला कमी दाब म्हणजे पुन्हा झपकन वर काढल्यासारखंच. मग त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, प्रकरण जिवावरही जाऊ शकतं. म्हणून अनेक दिवस बुड्या मारलेल्या माणसाने शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, असा दंडक आहे. सावध लोक २४ पाळतात. आणि त्यामुळे उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या गॅलऱ्यांच्या कठड्यांवर वेटसूट वाळत पडतात, आणि त्यातून निघालेली माणसं खाली अंगणात हातांचं काय करावं हे न सुचून उभी असतात. बेटावरचं सगळं जमिनीवरचं पर्यटन या नायट्रोजनच्या कृपेवर चाललेलं आहे. निसर्गानेही त्याला हातभार लावलाय: डायव्हिंगच्या कोष्टकात ३०० मीटरच्या वर उंची धोक्याची धरतात, आणि बोनेअरचा सर्वांत उंच डोंगर ब्रांदारिस २४१ मीटरवरच थांबतो.

त्या दुपारी मामी मागच्या सीटवरून पुढे आली. तिने पर्स भाच्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आता मी दाखवते."

आधी गाढवं. स्पॅनिश लोकांनी कामाला आणलेली, काम संपल्यावर वाऱ्यावर सोडलेली, रस्त्यांवर गाड्यांखाली येणारी. १९९३ मध्ये त्यांच्यासाठी एक आश्रयस्थान निघालं, तिथे आता शेकडो आहेत. गाजरं घेऊन गाडीतूनच आत जायचं असतं. गाढवं दोन्ही खिडक्यांतून डोकी आत घालतात आणि गिअरपर्यंत पोचतात. थाउजंड स्टेप्सवाला मित्र सीटच्या मधोमध हात छातीशी बांधून ताठ बसला होता. एका गाढवाने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली, तेव्हा त्याने इंग्रजीत हळूच विचारलं, "मामी, याला हात लावला तर चालतो का?"

मग मिठागरं. समुद्राचं पाणी वाफ्यांतून आटत आटत गुलाबी होत जातं, आणि शेवटी मिठाचे पांढरे ढीग, दूरवरून बर्फाच्या टेकड्या वाटाव्यात असे. जहाज भरायच्या धक्क्याखाली हीच मंडळी दोनदा उतरली होती. वरच्या मिठाकडे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं.

त्याच रस्त्याने जरा पुढे समुद्राकडे तोंड करून बुटक्या घरांची रांग आहे. दार कंबरेइतकं, आत शिरायला गुडघे टेकावे लागतात, उभं राहता येत नाही. मिठागरात राबणाऱ्या गुलामांना झोपण्यासाठी १८५० मध्ये ही बांधली. डच वसाहतींत गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. त्यांची बायकापोरं रिंकॉनला राहत, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आठवड्याच्या शेवटी हे लोक उन्हातून सात-सात तास चालत घरी जात. शेजारच्या पिवळ्या दगडांवर 'रेड स्लेव्ह' आणि 'व्हाइट स्लेव्ह' अशी नावं आहेत. आमच्या मंडळींच्या वहीत त्या नावांपुढे पाण्याचं तापमान लिहिलेलं होतं. भाचा एका घरात वाकून शिरला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. गाडीत रिंकॉनपर्यंत कुणी विनोद केला नाही. मी तर नाहीच.

रिंकॉनला शेळीचं कालवण खाल्ल्यावर जिवात जीव आला. स्पॅनिश लोकांनी हे गाव मुद्दाम डोंगरांच्या कुशीत वसवलं, चाच्यांना समुद्रावरून दिसू नये म्हणून. मामीने गावाला चांगले गुण दिले. "समुद्र दिसत नाही, म्हणजे जेवणावर लक्ष राहतं."

तिथून उताराच्या वळणांवरून गोटो तळं दिसू लागलं. खाऱ्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो, डोकी उलटी करून गाळ चाळत होते. त्यांचा गुलाबी रंग या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जीवांतून येतो. माणूस जवळ गेला की ते उडून जातात, म्हणून सगळे रस्त्यावरच कठड्याशी उभे राहिले. कुणीतरी सवयीने बोटांनी 'ओके'ची खूण केली. कुणीतरी वही काढली, आणि खोली किती लिहायची ते न सुचून परत ठेवली.

"मामी," भाचा म्हणाला, "हे इतके दिवस इथेच होते?"

"छे रे," मामी म्हणाली, "मधूनमधून व्हेनेझुएलाला जेवायला जातात."